ओट्याचं तापमान

घराचं काम काढलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि बायको त्रेचाळीसची. तिचा आजार कळून तीन वर्षं झाली होती. मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवरचं आवरण झिजत जातं, असा तो आजार. गरमी वाढली की तिचे पाय जड व्हायचे आणि डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं. एका मे महिन्यात कढत पाण्याने आंघोळ करून ती बाहेर पडली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसली. पाऊण तास तिला उठता आलं नाही. हा पाऊण तास अंदाजाचा नाही, मी घड्याळाकडे बघत होतो.

त्या दिवसानंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "यांना जरा गार ठेवत चला."

मी विचारलं, "किती अंशांवर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्यांना कुणी विचारत नसावं. "आता नेमकं काय सांगू? पंचवीस-सव्वीस ठीक राहील."

मी खिशातल्या डायरीत पंचवीस हा आकडा लिहिला. त्याखाली दोन रेघा मारल्या आणि मला वाटलं, विचारायचं ते सगळं विचारून झालं.

आमचं घर विरारजवळ, आगाशीच्या बाहेर, वाडीत. तेव्हा ते कौलारू होतं. पाच खोल्या, मागे न्हाणी, पुढे उत्तरेच्या अंगाला लांबच लांब ओटा. ओट्यासमोर बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या आसपासची बरीच बावखलं त्या काळात भराव घालून बुजवली गेली, आमचं राहिलं. पलीकडे चुलतभावाची वाडी आणि तिच्यात पानवेलींचा मळा. चुलतभाऊ वारल्यावर वहिनीच तो मळा सांभाळत होत्या. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, बोलायला तिखट.

दुपारी जेवणं झाली की वहिनी आणि शेजारच्या तीन-चार बायका पानांच्या टोपल्या घेऊन आमच्या ओट्यावर येत. मोठी पानं वेगळी, मध्यम वेगळी, डाग पडलेली बाजूला. मग शंभराशंभराने एकावर एक लावायची आणि केळीच्या पानात बांधायची. हे काम आमच्याच ओट्यावर का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आजीच्या वेळेपासून ते तिथेच होत आलं होतं. माझी बायको लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून त्या घोळक्यात बसत होती. आजारात हाताला कंप आला तरी पानं निवडायला तिला जमत असे. मोजायला मात्र तिला देत नसत. "हिची शंभर म्हणजे कधी पंच्याण्णव, कधी एकशे दहा," वहिनी म्हणायच्या. ती म्हणायची, "घरात मोजणारा एक आहे तेवढा पुरे."

मोजणारा म्हणजे मी. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी वीस वर्षं गेली. आलेला माल मोजून घ्यायचा, दिलेला मोजून द्यायचा, आणि शिल्लक कागदाशी जुळली नाही तर जुळेपर्यंत घरी जायचं नाही. घराचं कामही मी तसंच करायचं ठरवलं. घरात दोन आजारी माणसं होती आणि दोघांच्या गरजा उलट्या. बायकोला गारवा हवा होता. माझ्या वडिलांना दमा, ते एक्याऐंशीचे. पौष-माघातल्या पहाटे गार हवा लागली की त्यांची छाती वाजायला लागायची. दोघांना एका छपराखाली ठेवायचं तर घराचे दोन भाग करायला हवेत, एक गार आणि एक उबदार. पाचही खोल्यांत सरसकट गार हवेची यंत्रं बसवण्यापेक्षा कुठली खोली मुळात किती तापते आणि किती निवते ते आधी पाहावं, असं माझं मत होतं. ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मी पाच थर्मामीटर आणले आणि प्रत्येक खोलीत जमिनीपासून चार फुटांवर एकेक टांगला. पहाटे सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा तीन वेळा नोंद. तीही वर्षभर, कारण एका ऋतूवरून घर कळत नाही. दुपारी दोनला मी कामावर असे, म्हणून ती नोंद बायकोने घ्यायची. काठी टेकत ती पाच खोल्या फिरायची आणि वहीत आकडे लिहायची. रविवारी मी घ्यायचो. वर्षाच्या पाच हजार चारशे पंच्याहत्तर नोंदी झाल्या. त्यातल्या एक हजार पाचशे पासष्ट तिच्या अक्षरातल्या आहेत. सुरुवातीचे आकडे सरळ आहेत, शेवटचे ओळ सोडून खाली उतरत गेलेले.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "ओट्याचंही घेऊ का? बायका बसलेल्याच असतात, कुणीही वाचून सांगेल."

मी म्हणालो, "ओटा घरात धरलेला नाही. त्याला भिंती नाहीत, त्याचं काय मोजायचं?"

"बरं," ती म्हणाली.

वर्ष संपल्यावर मी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला. मे महिन्यात दुपारी दोनला पश्चिमेची खोली साडेछत्तीस, ओट्याला लागून असलेली उत्तरेची खोली तेहेतीस. जानेवारीत पहाटे उत्तरेची खोली साडेसोळा, पश्चिमेची एकोणीस. कारण पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि तिच्या पलीकडे न्हाणीची चूल असते. म्हणजे वाटणी घरानेच करून ठेवली होती. उत्तरेची खोली बायकोला आणि पश्चिमेची बाबांना. मी पहिलीत निळी पेन्सिल फिरवली, दुसरीत लाल. मधल्या माजघरात पिवळी, तिथे नुसता पंखा.

बाबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "म्हणजे मला चुलीमागे टाकणार," ते म्हणाले.

"उबेसाठी, बाबा."

"मांजरं पण तिथंच बसतात. चांगली जागा आहे."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. कौलं उतरली, मधल्या भागावर स्लॅब पडला. बायकोच्या खोलीसाठी दीड टनाचं यंत्र मी हिशेब करून निवडलं. भिंतींचं क्षेत्रफळ, छताचं ऊन, खोलीतली माणसं, दिवा, सगळं धरून. पण आमच्याकडे तेव्हा रोज तीन-तीन तास वीज जायची, आणि एवढं यंत्र बॅटरीवर चालत नाही. म्हणून वीज नसतानाही गारवा टिकेल अशी खोली करायला हवी होती. छताखाली थर्माकोलचा थर, पश्चिमेला दुहेरी भिंत. दाराला दार. माजघरातून आधी एका चिंचोळ्या बोळात यायचं, मागचं दार लावायचं आणि मगच पुढचं उघडायचं. दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत, हा नियम.

राहिली खिडकी. उत्तरेची, सरळ ओट्यावर उघडणारी, साडेतीन फूट रुंद, चार फूट उंच. तिचे गज धरून बायको आतून बोलायची आणि बाहेरच्या बाहेरून. मी हिशेब केला. खोलीत शिरणाऱ्या एकूण गरमीतली जवळजवळ चौथाई त्या एका खिडकीतून आणि तिच्या फटींतून येणार होती.

गवंडी आमच्याच गावचा, म्हातारा. त्याने थापी हातात धरून विचारलं, "ओट्याकडची बुजवायची? नक्की?"

"नक्की."

"बाईंना विचारलंत?"

बायको माजघरात खुर्चीवर होती. ती तिथूनच म्हणाली, "खिडकी राहू द्या ना. पडदा लावू जाडसा."

मी कागद घेऊन तिच्याजवळ गेलो आणि आकडे दाखवले. खिडकीसह वीज गेल्यावर खोली एका तासात तिशीला जाते. खिडकीशिवाय तीन तासांत सत्तावीस. तिने कागद हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. आकड्यांवर वाद घालणारी ती नव्हती.

"उजेडाला काहीतरी ठेवा," एवढंच म्हणाली. मी वर काचेच्या दोन विटा बसवून घेतल्या. त्यांतून उजेड यायचा, पलीकडचं दिसायचं नाही.

फेब्रुवारीत ती त्या खोलीत राहायला गेली. गार भागाला मी वेगळा मीटर बसवला होता, माझा हिशेब बरोबर येतो की नाही ते बघायला. रोज तेरा युनिट धरले होते. पहिले तीन आठवडे तेरा, सव्वातेरा, पावणेतेरा असे पडत गेले. मार्चच्या मध्यावर आकडा साडेदहावर आला आणि तिथेच राहिला.

मला आनंद झाला, हे लिहायला हवं. उन्हाळा चढतो आहे आणि युनिट उतरतात, म्हणजे माझं छत आणि माझ्या भिंती अंदाजापेक्षा चांगल्या. आठ दिवस मी त्या आनंदात होतो. कामावर दोघांना नकाशा काढून दाखवला. नवव्या दिवशी जेवताना मनात आलं की असं होऊच शकत नाही. बाहेरची गरमी वाढल्यावर यंत्राला जास्त चालावं लागणार. वीज जाण्याच्या वेळा तर बदललेल्या नाहीत. रोजचे अडीच युनिट कमी, म्हणजे यंत्र रोज साधारण दोन तास बंद असतं. आणि ते कुणीतरी बंद करतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी अडीच वाजता घरी आलो. बोळातली दोन्ही दारं उघडी होती. आतल्या दाराला नारळाचं सोडण अडकवलेलं. यंत्र बंद. खोली रिकामी.

ओट्यावरून हसण्याचा आवाज येत होता.

ती खांबाला टेकून बसली होती. पाय पुढे पसरलेले, मांडीवर पानं, चेहरा लालबुंद. वहिनी कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत होत्या आणि बायको डोळे पुसत हसत होती. बाबा आरामखुर्चीत होते, त्यांनी मला आधी पाहिलं. म्हणाले, "आला तपासनीस."

मी बायकोला म्हणालो, "ऊठ."

तिने पाय जवळ घ्यायचा प्रयत्न केला. डावा जरा हलला, उजवा नाही. वहिनींनी एका काखेत हात घातला, दुसरीने दुसऱ्या. "चल गं महाराणी, पालखी आली," वहिनी म्हणाल्या. बायको पुन्हा हसली. दोघींनी तिला उचलून आणलं तेव्हा तिचे पाय लाद्यांवरून फरफटत होते. मी फक्त ते पाय बघत होतो.

आत आणून यंत्र लावलं. मी विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"झाले दहा-बारा."

"कुणी बंद केलं यंत्र?"

"मी," दारातून बाबा म्हणाले. "तुझ्या यंत्राला दोन तास विश्रांती दिली. बिघडलं का काही?"

"तिचे पाय बघितलेत?"

"अहो, गार झाले की उठते मी," बायको म्हणाली. "रोज उठते. तुम्ही यायच्या आत पाय आपले परत येतात."

मी ते ऐकलं नाही. म्हणजे शब्द ऐकले. पण मला वाटलं, ही आजारी आहे, हिला बायकांत बसायचं आहे म्हणून बोलते. माझ्या हिशेबात प्रत्येक दुपार तिच्या चालण्यातून कायमची वजा होत होती. आज उजवा पाय गेला, उद्या डावा. ती अजून बारा वर्षं चालेल की सहा, हे त्या दोन तासांवर आहे, अशी माझी पक्की समजूत होती. असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी मी बावखलाच्या काठाने वहिनींच्या घरी गेलो. त्या अंगणात टोपल्या धूत होत्या.

"वहिनी, एक विनंती होती."

"विनंती म्हणजे काहीतरी वाईट असणार. बोला."

"दुपारी ओट्यावर यायचं जरा बंद करा. तुम्ही आलात की ती बाहेर येते. तिला गरमी चालत नाही."

त्यांनी टोपली उपडी ठेवली. "आत येऊन बसू मग आम्ही तिच्याकडे."

"पाचजणी आत बसलात की खोली दोन अंशांनी चढते. शिवाय दारं सारखी उघडणार."

"असं." त्यांनी दुसरी टोपली पाण्यात बुडवली. मग म्हणाल्या, "भावोजी, एक सांगू? आमच्याकडे एवढं मोठं अंगण आहे, तरी तुमच्या सासूबाईंच्या म्हणजे माझ्या चुलतसासूच्या वेळेपासून पानं तुमच्या ओट्यावर का आणतो आम्ही? तिथं पान तीन-तीन तास कोमेजत नाही म्हणून. पान टिकतं तिथं माणूस टिकणार नाही होय?"

"माझी आई तुमची चुलतसासू. माझी सासू नाही," मी म्हणालो. मला तेवढंच सुधारायला सुचलं.

"बरोबर. चुकलंच माझं," वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून येणार नाही."

आमच्याकडे 'येऊ नका' असं कुणी कुणाला म्हणत नाही. न बोलता वागण्यातून दाखवतात, आणि त्याला परत यायची वाट राहते. तोंडाने म्हटलं की संपलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी याच गावात वाढलो. पण मला त्या दिवशी नेमकं, चोख बोलायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा राहिला. पानं वहिनींच्या पडवीत निवडली जाऊ लागली. तिथे पोत्यांवर दर अर्ध्या तासाला पाणी मारावं लागतं, असं बाबांनी एकदा सांगितलं. मला उद्देशून नव्हे, चुलीला उद्देशून सांगावं तसं.

मीटर पुन्हा तेरावर आला.

तो उन्हाळा तिने त्या खोलीत काढला. मी संध्याकाळी आलो की आधी बोळात हातपाय थंड होईस्तोवर थांबायचो आणि मग आत जायचो. विचारायचो, "आज किती होतं?" ती सांगायची, "पंचवीस." सुरुवातीला त्याच्यापुढे काही बोलायची. दूधवाल्याचं, मुलीच्या फोनचं, म्हणजे आमची एकुलती एक, पुण्याला दिलेली. पुढे ते कमी झालं. जूनमध्ये मी दार उघडलं की, विचारायच्या आधीच ती म्हणायची, "पंचवीस." त्यात राग नव्हता. तिला वाटायचं, हा एवढ्यासाठी येतो, याला थांबवून कशाला ठेवा.

ती भिंतीकडे तोंड करून बसायची. बुजवलेल्या खिडकीची चौकट गिलाव्याखाली हलकीशी कळायची. मी एकदा म्हणालो, तिथे गणपतीचं चित्र लावू का? ती म्हणाली, "नको. आहे ते बरं आहे."

पायांत फरक पडला का, तर नाही. पावसाळ्यात डाव्या हाताचा जोर थोडा कमी झाला. आजार आपल्या वेगाने चालला होता, पंचवीस अंशांवरही.

जानेवारीत तपासणीला गेलो. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, टाचणीने तळवे टोचले, लिहून घेतलं. मी वर्षभराचे आकडे दाखवले. ते म्हणाले, "फारच व्यवस्थित ठेवलंय तुम्ही." आम्ही उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मला एक विचारायचंय."

तिने डॉक्टरांना तोपर्यंत कधी काही विचारलं नव्हतं. विचारायचो ते मी.

"मी गरमीत बसले, पाय गेले, तर ते कायमचे जातात का?"

"छे," डॉक्टर म्हणाले. "शरीर गार झालं की परत येतात. गरमीने त्रास वाढतो, आजार वाढत नाही. पडणार नाही एवढं बघायचं, बस. का?"

"काही नाही," ती म्हणाली. "असंच."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विरारहून रिक्षाने घरी येताना अर्ध्या वाटेवर म्हणाली, "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग वहिनींना सांगून या."

"सांगतो," मी म्हणालो.

बावखलाच्या काठाने वहिनींचं घर एकशे चाळीस पावलांवर आहे. मला तिथे जायला अकरा दिवस लागले. रोज काहीतरी निघायचं. खरं कारण एवढंच, की तिथे जाऊन मला म्हणावं लागणार होतं की माझी मांडणी चुकली. बायको पुन्हा बोलली नाही. फक्त मी कामावरून आलो की पंचवीस म्हणायच्या ऐवजी माझ्याकडे बघायची.

बाराव्या दिवशी गेलो. वहिनी सुपारी कातरत होत्या. मी उभ्यानेच म्हणालो, "वहिनी, मी सांगितलं ते चूक होतं. डॉक्टर म्हणाले, बसायला हरकत नाही. या तुम्ही."

अडकित्ता थांबला. "तिने पाठवलं का आपणहून आलात?"

"दोघांनी."

"आता पानं कमी आहेत, भावोजी. वेलींना थंडी मानवत नाही. माघ सरू दे, पानं सुरू झाली की येतो." मग माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल, त्या म्हणाल्या, "येतो म्हणाले ना. तिला सांगा, तिची जागा आम्ही कुणाला दिलेली नाही."

मी आलो आणि तिला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "माघ सरायला किती दिवस?"

मी मोजून सांगितलं, "बावीस."

"मग आहेत थोडेच," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने मला मागचं बरंच काही सांगितलं. कुठल्या बाईची कुठली खोड, कोण पानांत पान लपवतं, कोणाच्या गोष्टी रोज त्याच. मी इतकी वर्षं त्या ओट्यावरून जात-येत होतो, मला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी तिला ताप आला. त्या आजारात गिळण्याचे स्नायूही सैल पडतात. पाणी पिताना थेंब छातीत गेला असावा, असं नंतर कळलं. विरारच्या दवाखान्यात सहा दिवस ठेवलं. तिथली खोलीही यंत्राने गार केलेली. पाचव्या दिवशी तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवंय. ती म्हणाली, "किती राहिले?"

"आठ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

घरी आणलं तेव्हा वहिनी आणि त्या सगळ्याजणी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या. त्यांना निरोप कुणी दिला, मला माहीत नाही. सवाष्ण गेली म्हणून वहिनींनी तिची ओटी भरली; त्या विधवा, पण त्यांना कुणी अडवलं नाही. थंडीतल्या वेलीवर जी काही पानं होती त्यांतली एकेक बघून, डाग नसलेली पाच पानं त्यांनी तिच्या ओटीत ठेवली. शेवटचं पान ठेवताना त्या काहीतरी पुटपुटल्या, मला ऐकू आलं नाही. बाबा आतल्या बोळात उभे होते. दोन्ही दारं उघडी होती आणि कुणी ती लावली नाहीत.

चैत्रात मी गवंड्याला बोलावून खिडकी उघडून घेतली. जुनी चौकट आत शाबूत होती. त्याने पहारीने पहिली वीट काढली आणि पलीकडचा उजेड आला तेव्हा तो थांबला.

वहिनी आणि बाकीच्या तोवर यायला लागल्या होत्या. मी त्यांना पुन्हा बोलावलं नव्हतं. माघ सरला आणि त्या दिलेल्या शब्दाप्रमाणे आल्या.

मे महिन्यात मी रजा घेतली आणि पाचांपैकी दोन थर्मामीटर ओट्यावर टांगले. एक ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आणि एक ती ज्या खांबाला टेकून बसायची त्याच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून चार फुटांवर नाही, दोन फुटांवर, बसलेल्या माणसाचं डोकं येतं तिथे. रोज दुपारी दोन, तीन आणि चारला नोंद घेतली. उत्तरेचं तोंड, ऊन येत नाही. समुद्राचा वारा दुपारी बावखलावरून येतो. बायका पानांसाठी ओली पोती अंथरतात. टोकाकडची एकतीस दिवसांची सरासरी साडेतीस आली. पोत्यांच्या जवळ, ती बसायची तिथे, साडेएकोणतीस.

मी तिच्यासाठी केलेल्या खोलीचं तापमान पंचवीस होतं. फरक साडेचार अंशांचा. ते साडेचार अंश तिला रोज दोन तास सोसत होते आणि संध्याकाळपर्यंत फिटत होते. ते मी तिच्याकडून काढून घेतले आणि त्यांच्या जागी तिला दहा महिने एक भिंत दिली. दोन्हीकडून कितीही वेळा मांडलं तरी हे असंच येतं.

शेवटच्या दिवशी मी आकडा लिहीत होतो तेव्हा वहिनींनी वर न बघता विचारलं, "किती?"

"साडेएकोणतीस."

त्या बराच वेळ पानं लावत राहिल्या. मग त्यांनी त्यांच्यासमोरची टोपली माझ्याकडे सरकवली.

"वही ठेवा खाली. मोठी इकडे, मध्यम तिकडे. डागाचं दिसलं तर बाजूला," त्या म्हणाल्या. "मोजू नका. मोजायला मी आहे."

मी खांबाला टेकून बसलो आणि पानं निवडायला घेतली.